फटाफटच्या घराचा नकाशा

सोमवार, २ मार्च

दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की फटाफट संपादकबाईंच्या खोलीतून विजयी हसत बाहेर पडली. हे चूक आहे. ती बाहेर पडली तेव्हा मी पाण्याच्या कूलरमागे उभी होते आणि तिथून तिचा फक्त डावा गाल दिसत होता. एका गालावरून फार तर हसू ठरवता येतं. विजय ठरवता येत नाही.

शनिवारची नोंद जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे आणि तिथे जागा उरली नाही, म्हणून दुरुस्ती नव्या वहीत. वही नवी असली तरी नियम जुनाच: लिहिलेलं खोडायचं नाही, चूक कळली की दुसऱ्या दिवशी वर दुरुस्ती लिहायची. आत्याचा नियम. आत्या सरकारी नोकरीत दुकानादुकानांतून वजनमापं तपासत फिरायची आणि मला शाळेत घालायच्या आधी घरी तिनंच शिकवलं. बाकीची मुलं गाणी पाठ करत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात साखर मोजून आईच्या डब्यावरचं लेबल खोटं ठरवत होते.

आता महत्त्वाचं. मासिकात नवं सदर सुरू होतंय, 'घरातली यंत्रं'. दर महिन्याला एक लेख, लेखिकेचं नाव, शेजारी छोटा फोटो. संपादकबाईंनी दोघींकडून नमुना लेख मागितला आहे, मी आणि फटाफट. यंत्र एकच, फरशी पुसत फिरणारी ती गोल चकती. कंपनीकडे रिव्ह्यूसाठी एकच नग आहे. तो आधी फटाफटकडे, मग माझ्याकडे. आठशे शब्द. १६ तारखेपर्यंत.

मला फोटोचं काही नाही. (कुठला द्यायचा ते ठरवून ठेवलंय, पण ते वेगळं.)

मला सदर हवंय कारण आईनं काकांना शब्द दिलाय. पहिल्या तारखेपर्यंत कायमचं काही मिळालं नाही तर मी त्यांच्या पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहायला जाणार. काका म्हणतात, पंप म्हणजे काय तंत्रज्ञान नाही का? आहे. पण पंपाला वाचक नसतो, प्लंबर असतो.

संकल्प: या महिन्यात फटाफटचं नाव वहीत लिहायचं नाही.

मंगळवार, ३ मार्च

फटाफट हे तिचं नाव नाही. त्यामुळे संकल्प शाबूत आहे.

हे टोपणनाव मीच ठेवलं, मनातल्या मनात. आम्ही दोघी एका गॅजेट साइटवर एकाच टेबलाशी बसायचो. चहा निवायच्या आत तिचा लेख जायचा. साइट बंद पडली, दोघी फ्रीलान्स झालो, आणि तेव्हापासून ती छापून येते आणि मी तयारी करते. तिनं इअरफोनवर लिहिलं तेव्हा ते कानात घातले आणि लिहिलं. मी आधी कानाविषयी वाचत होते. आतल्या कानापर्यंत पोचले तोवर कंपनीनं ते मॉडेल बंद केलं.

मी मुळात झटपट काम करणारी आहे. माझ्या वाट्याला नेमक्या तपासाव्या लागणाऱ्या गोष्टी येतात, एवढंच.

आणि हेवा म्हणाल तर अजिबात नाही. निरीक्षण आहे.

गुरुवार, ५ मार्च

दुपारी फटाफटचा फोन. अगं, झालं माझं, आजच कुरिअर केलंय, तुला जास्त दिवस मिळू देत, तुला लागतात ना.

तुला लागतात ना!

मी म्हटलं, मला लागत नाहीत, मी घेते. ती हसली. म्हणाली, तेच ते. मग उगाचच विचारलं, आत्या कशा आहेत? आता हिला माझ्या आत्याशी काय करायचंय? आईला सांगितलं तर आई म्हणाली, अगं चांगली आहे मुलगी, मागे माझा गुडघा दुखत होता तेव्हा दोनदा फोन केला होता तिनं. म्हणजे माझ्या पाठीमागे गुडघ्यापर्यंत पोचली आहे.

लेख इतक्या लवकर झाला तर खोल झाला नसणार. समाधान वाटलं. मग वाटलं, समजा झाला असेल तर? जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ६ मार्च

यंत्र आलं. आत्यानं उलटं करून पाय पाहिले आणि म्हणाली, कासव. आता घरात सगळे तेच म्हणतात.

माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत, कारण लोक शेवटचं पान वाचतच नाहीत. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: यंत्र दुसऱ्या घरात नेल्यास आधीच्या घराचा नकाशा अ‍ॅपमधून पुसावा. कासव फिरता फिरता खोल्यांचा नकाशा बनवतं आणि पुढे त्या नकाशावरूनच चालतं. समासात मी टीप केली: हे सांगायची गरज पडते यावरून ग्राहक किती बेफिकीर आहेत ते दिसतं.

कंपनीच्या सामाईक लॉगिननं अ‍ॅप उघडलं. फटाफटनं नकाशा पुसला नव्हता! ही हिची शिस्त. पुसण्याच्या बटणावर बोट ठेवलं. पुसण्याआधी काय पुसतोय ते पाहावं म्हणून पाहिलं.

मग खुर्चीत बसून पाहिलं.

लांबलचक मार्गिका. तिच्या एका बाजूला ओळीनं तीन खोल्या, तिन्ही सारख्या. समोर केवढा तरी मोठा हॉल, त्यात कडेनं ठिपक्यांच्या रांगा. ठिपके म्हणजे खुर्च्यांचे पाय. इतक्या खुर्च्या! पाहुण्यांना तोटा नाही बाईसाहेबांकडे. एका खोलीच्या मधोमध काहीतरी भलंमोठं, आणि कासवानं तिथे जाऊ नये म्हणून त्याभोवती तिनं लाल चौकट आखली आहे.

पियानो.

फ्रीलान्स लिहून कुणाचं असं घर होत नाही. मला तरी असं कुणी माहीत नाही. मी तिच्या घरी कधी गेले नाही. ती बोलवायची, मी तयारीत असायचे.

आत्याला नकाशा दाखवला. म्हणाली, पियानो असा अंड्यासारखा असतो? म्हटलं, महागातले असतात. आत्या म्हणाली, मग तो पुस आणि कामाला लाग, आपल्या घरी अंडंही नाही आणि पियानोही नाही.

पुसला नाही. तुलनेसाठी ठेवलाय. चांगल्या लेखात तुलना लागते.

रविवार, ८ मार्च

चाचण्या सुरू. आत्याचा जुना तराजू काढला. फरशीवर मोजून पीठ टाकायचं, कासव सोडायचं, त्याच्या पोटातलं पीठ काढून पुन्हा मोजायचं. असं कोण करतं? मी करते.

पहिली फेरी: कासव निघालं, स्वयंपाकघराकडे न वळता फ्रिजशेजारच्या भिंतीवर गेलं आणि तिला ढकलत राहिलं. बाजूला केलं. पुन्हा तीच भिंत. पिठाला शिवलंही नाही.

दुसरी फेरी: माझ्या खोलीच्या मधोमध आलं, काहीच नसताना थबकलं आणि मोकळ्या जागेला वळसा घालून गेलं. पियानो चुकवल्यासारखं.

तिसरी: आत्याच्या पलंगाखाली शिरलं आणि आतून 'मला मदत करा' असं बाईच्या आवाजात म्हणालं. आत्या म्हणाली, आधी बाहेर ये, मग बघू.

आई पीठ झाडत होती. म्हणाली, बिचारं हरवलंय गं ते. याला वाटतंय आपण दुसरीकडेच आहोत.

आईला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही. नोंद केली: यंत्र मंदबुद्धी.

तरी मनात येतं, तिच्या घरी ते शहाण्यासारखं वागलं असणार. नकाशाच्या रेषा किती सरळ आहेत. माझं घर यंत्रालासुद्धा आवडलं नाही.

सोमवार, ९ मार्च

लेखाला सुरुवात. पहिला परिच्छेद: यंत्राची पारख करणारा स्वतः कशा घरात राहतो याचा त्याच्या मतावर परिणाम होतो का? फार मूलभूत प्रश्न. दुसरा परिच्छेद: समजा, एखादी समीक्षक लांब मार्गिका आणि पियानो असलेल्या घरात राहत असेल. नाव नाही घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात 'समजा' काढून टाकलं.

संध्याकाळपर्यंत आठशे शब्द झाले. लेखात कासव अजून आलेलं नाही.

बुधवार, ११ मार्च

आत्यानं दुखरी जागा शोधली. तिला लेख वाचून दाखवला तर म्हणाली, हिच्या घरात पियानो आहे हे तू पाहिलंस? म्हटलं, नकाशात आहे. म्हणाली, मी वीस वर्षं दुकानांत गेले, एकदाही घरी बसून तराजू खोटा ठरवला नाही.

म्हणून आज प्रत्यक्ष जाऊन खात्री केली. निमित्त: कासवाचा कोपऱ्यांचा ब्रश खोक्यात सापडत नाही, तिच्याकडे राहिलाय का? (ब्रश खोक्यात होता. पण मी निघाले तेव्हा खोक्यात पाहिलं नव्हतं. मुद्दामच. त्यामुळे खोटं नाही.)

पत्त्यावर पोचले तर खाली शिंप्याचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना, मधून अरुंद जिना. वाटलं, हा मागचा दरवाजा असेल. वर दार उघडलं ते फटाफटनंच. एक खोली. पलीकडे स्वयंपाकाची जागा. ती आणि तिची धाकटी बहीण, मध्ये एक टेबल, त्याच्या एका टोकाला बहिणीचा अभ्यास आणि दुसऱ्या टोकाला हिचा लॅपटॉप. मार्गिका सोडा, मला चप्पल काढायला जिन्यावर परत उतरावं लागलं.

म्हटलं, मग कासव कुठे फिरवलंस?

ती हसत सुटली. म्हणाली, इथे ते वळूच शकेना गं. सोडलं की टेबलाला, उचललं की पलंगाला. मग खाली डॉक्टरीणबाईंना विचारलं, सुट्टीच्या दिवशी तुमचा दवाखाना पुसून देऊ का? त्या म्हणाल्या, रोज दे! खुर्चीला मात्र लाल चौकट घाल म्हणाल्या, केवढ्याची आहे माहितेय का.

बहीण म्हणाली, ताईनं कासवाबरोबर आमचा जिनाही झाडून घेतला असता, पण ते पायऱ्यांना घाबरतं.

म्हणजे हॉल म्हणजे पेशंट बसतात ती जागा. पियानो म्हणजे दात उपटायची खुर्ची.

फटाफटनं चहा केला. दोन चांगले कप आम्हाला, कान तुटलेला स्वतःला. मग म्हणाली, नकाशा पुसलास ना? मी विसरले, नंतर हळहळले. पण म्हटलं, तू काय, पुस्तिका माझ्याआधी पाठ करशील.

मी म्हणाले, ते पान वाचलंय मी. हेही खोटं नाही.

घरी येताना बस चुकली, चालत आले. मला राग कशाचा आला ते नीट मांडते. तिच्याकडे मोठं घर नाही याचा नाही. दवाखान्याचं तिला सुचलं याचा. आणि शेजारीण सहज हो म्हणाली याचा. आमच्या खाली चष्म्याचं दुकान आहे, मी त्या माणसाशी अजून एकदाही बोललेले नाही, फक्त त्याच्या पाटीवरचा फॉन्ट चुकीचा आहे हे मला माहीत आहे. आणि बहीण. ती तिच्याकडे बघते कशी! माझ्याकडे असं फक्त कासव बघतं, तेही भिंत समजून.

एका खोलीत राहून इतकं हसायचं. जागा कमी असल्यानं आवाज मोठा वाटत असेल.

गुरुवार, १२ मार्च

दुरुस्ती. सोमवारच्या लेखात मी पियानो लिहिला आहे. तो पियानो नाही.

आता पेच असा. नकाशा पुसून चाचण्या पुन्हा करायला हव्यात. पण यंत्र परत न्यायला कंपनीचा माणूस आजच येणार होता. एक फोन केला असता तर दोन दिवस मिळाले असते. फोन हातात घेतला. काय सांगणार? की मी पहिल्याच पानावरची सूचना पाळली नाही? मी?

मग विचार केला, शहाण्या यंत्राला आपण दातांच्या दवाखान्यात नाही हे स्वतःहून कळायला नको का? म्हणजे माझी चाचणी जास्त कठीण होती. फटाफटनं सोपी घेतली.

कंपनीचा माणूस आला. आईनं कासवाला ओल्या फडक्यानं पुसलं आणि खोक्यात ठेवताना म्हणाली, सांभाळून न्या हो, त्याला नवीन जागेत घाबरल्यासारखं होतं. तो माणूस म्हणाला, आजी, मशीन आहे ते. आईला आजी म्हटल्याचा राग आला आणि कासवाचा विषय मागे पडला.

शनिवार, १४ मार्च

लेख फार लांबलाय. कापायला बसले. पिठाचे प्रयोग कापले, कारण ते नकाशामुळे बिघडले होते आणि बिघडलेले आकडे छापणं मला जमत नाही. भिंत ढकलण्याचं ठेवलं, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पियानोच्या जागी 'मौल्यवान वस्तू' घातलं. मार्गिका ठेवली. खरी आहे, कुणाची का असेना.

आता शब्दसंख्या बरोब्बर बसली. यंत्राबद्दल काय उरलं ते शोधतेय.

सोमवार, १६ मार्च

पाठवला! वेळेत! सकाळीच! कुणी म्हणेल का मी रेंगाळते?

पाठवल्यावर एक दुरुस्ती पाठवली. मग त्या दुरुस्तीत यंत्राचा रंग पांढरा लिहिला होता, तो मोतिया केला. मग संपादकबाईंना वाटू नये की मी घाबरट आहे, म्हणून मी घाबरलेले नाही असं एका ओळीत कळवलं.

आत्या म्हणाली, आता फोन दूर ठेव.

सदराच्या फोटोसाठी निळा सदरा इस्त्री केला.

गुरुवार, १९ मार्च

निळा सदरा परत कपाटात.

संपादकबाईंचा फोन दुपारी. आधी म्हणाल्या, लेखातली भाषा छान आहे. मला तिथेच कळलं. भाषा छान म्हटलं की पुढे 'पण' येतो.

पण, म्हणाल्या, भिंत ढकलण्याचं वाचून मी कंपनीला विचारलं. त्यांच्या पीआरवाल्यानं नोंदी उघडून पाहिल्या. म्हणाला, या बाईंनी दातांच्या दवाखान्याचा नकाशा घालून बिचाऱ्याला घरभर फिरवलंय. तू नकाशा पुसला नव्हतास?

मी म्हटलं, ते पान वाचलं होतं.

त्या म्हणाल्या, मी वाचलंस का विचारत नाहीये. तू न पुसता राहशील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. काय झालं काय?

उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, आणि खरं सांगू का, हा लेख यंत्रावर नाहीच. कुणावर तरी चिडलेल्या बाईचा आहे. यंत्र मधूनमधून भिंतीला धडकतं तेवढंच.

सदर फटाफटला.

वाटलं संपलं. पण त्या पुढे म्हणाल्या, तिची एक अट आहे. लेख छापायला जायच्या आधी तू तपासायचा, दर महिन्याला. दुसरं कुणी तपासलेलं तिला चालणार नाही. आम्ही तुला रीतसर घेऊ, नाव पानाच्या तळाशी येईल. विचार कर.

तळाशी!

विचार कसला करायचा. तिचं नाव वर, फोटोसकट, आणि मी तळाशी, मुंगीएवढी. दया आहे ही. उद्या सकाळी उठल्याबरोबर नकार.

शुक्रवार, २० मार्च

सकाळी उठल्याबरोबर ऑफिस उघडलेलं नसतं.

नंतर उघडलं. तोवर मी पत्राचा मसुदा करत होते. नकार ठाम हवा, पण त्यात चीड दिसता कामा नये, कारण चीड नाही. चार मसुदे झाले. चौथ्यात नकारच राहून गेला.

आत्या शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, आत्या, दुसऱ्याच्या लेखातल्या चुका काढत बसायचं म्हणजे कमीपणाच ना? म्हणाली, मग मी काय केलं गं इतकी वर्षं? माझं कुठे दुकान होतं? पण बाजारात मी शिरले की सगळे काटे सरळ व्हायचे.

म्हटलं, लोक तुला घाबरायचे.

म्हणाली, घाबरायचे. आणि आपल्या घरचं सामान भरायला मात्र, मी ज्या दुकानात तपासून गेले त्याच दुकानात जायचे.

मी सोललेल्या शेंगा खाल्ल्या.

सोमवार, २३ मार्च

काकांचा फोन आला तो आईनं घेतला. मी दाराआड. आई म्हणाली, नाही हो, ती आता यायची नाही कारखान्यात, मासिकानं तिला घेतलं. तपासनीस म्हणून. म्हणजे काय म्हणून काय विचारता, हिनं हो म्हटल्याशिवाय लेखिकेचा लेख छापत नाहीत! लेखिका कोण? असेल कुणीतरी, हिच्या हाताखालची.

दुरुस्ती करायला हवी होती. पण आई फोनवर होती, मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

संपादकबाईंना कळवलं की विचार चालू आहे, तोवर पहिला लेख पाठवलात तरी हरकत नाही. नकार कशाला द्यायचा ते पाहिल्याशिवाय देणं बरोबर नाही.

गुरुवार, २६ मार्च

फटाफटचा पहिला लेख आला. दार लावून वाचला. पेन्सिल टोकदार केली होती.

चूक सापडली नाही. एके ठिकाणी बॅटरी किती वेळ चालते ते किंचित वाढवून लिहिलं असावं असा संशय आला. पुस्तिका काढून ताडून पाहिलं. बरोबर आहे. एके ठिकाणी मी मोठ्यानं हसले. आत्यानं बाहेरून विचारलं, काय गं? म्हटलं, ठसका.

पण खरा प्रकार पुढेच आहे. लेख यंत्रापासून सुरू होतच नाही. एका मैत्रिणीपासून होतो. लिहिलंय की माझ्या हातात नवं यंत्र आलं की मी ते चालू करते. माझी एक मैत्रीण आहे, ती आधी त्याची चौकशी करते. तिला खोटं लिहिता येत नाही, म्हणून पुष्कळदा तिला लिहिताच येत नाही. तिचा जीव शंकांनी इतका भरलेला असतो की तिच्या शेजारी बसलं की आपल्यालाही आपली चूक आधीच दिसायला लागते. मी भराभर लिहू शकले ते तिच्यामुळे, घसरले तर ती अडवील हे माहीत होतं म्हणून. आजही एखादं वाक्य लिहिलं की मनात विचारते, ती याला काय म्हणेल? आणि निम्मी वाक्यं तिथेच जातात. शेवटी लिहिलंय की हे सदर खरं तर तिनंच लिहायला हवं होतं, पण पहिला लेख यायलाच आपली नातवंडं मोठी झाली असती.

तीनदा वाचलं.

कोण आहे ही?

इतक्या वर्षांच्या ओळखीत फटाफटनं अशा कुणाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. शेजारी बसायची म्हणे. जुन्या ऑफिसातला एकेक माणूस आठवून पाहिला. आमच्या टेबलाशी तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला खिडकी. म्हणजे ही त्याच्याही आधीची, नाहीतर कॉलेजातली. असली घाबरट, चिकट, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी बाई हिला सापडली कुठे आणि हिनं सहन कशी केली? माझ्यासारखी चटपटीत मुलगी शेजारी बसलेली असताना?

आणि केवढ्या मायेनं लिहिलंय. माझ्याबद्दल कुणी असं एक वाक्य लिहिलं असतं तर मी पानाच्या तळाशीच काय, पानाच्या मागेसुद्धा गेले असते.

आत्याला लेख दाखवला आणि विचारलं, ही मैत्रीण कोण असेल? आत्यानं चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. आईनं पाणी आणलं, आईनं वाचलं, आईसुद्धा तिच्याशेजारी बसली. दोघींपैकी एकीनंही उत्तर दिलं नाही. या घरात गंभीर विषयावर बोलायची सोय नाही.

मनाला लावून घ्यायचं नाही. कामाचा भाग म्हणून बघायचं. लेखातलं प्रत्येक विधान तपासणं ही आता माझी जबाबदारी आहे, आणि अशी मैत्रीण खरोखर आहे की हिनं लेख रंगवायला बनवली, हेही विधानच आहे. पुरावा नसेल तर पहिला परिच्छेद मी छापू देणार नाही. फोनवर विचारलं तर ती हसण्यावारी नेईल, आणि शनिवारी बहिणीची परीक्षा आहे.

म्हणून रविवारी. २९ मार्चला सकाळी तिच्या घरी जायचं, चहा आधी घ्यायचा नाही, समोर बसून विचारायचं: ही तुझी मैत्रीण कोण, ती हल्ली कुठे असते, आणि माझ्यापेक्षा तिच्यात असं काय आहे?